उतारशाळेतील रात्रपाळी

(सामान्य काळातील 15वा रविवार, क वर्ष. वाचने : अनुवाद 30:10-14, कलस्सैकरांस 1:15-20, लूक 10:25-37)



आजचे शुभवर्तमान आपल्या इतके ओळखीचे आहे की पहिले वाक्य कानी पडताच पुढचे सारे आपल्याला ठाऊक असते आणि लक्ष दुसरीकडे वळते. यरुशलेमेहून यरीहोला जाणारा वाटसरू, लुटारू, याजक, लेवी आणि मग तो शोमरोनी. धर्मशिक्षणाच्या वार्षिक दिवशी मुले ही नाटिका हमखास बसवतात. लुटारू व्हायला सगळेच तयार असतात. शोमरोन्याची भूमिका वर्गातल्या चुणचुणीत मुलाला मिळते. आणि ज्याला एकही वाक्य पाठ होत नाही त्याला शिक्षिका उतारशाळेचा मालक करतात. त्याने फक्त हात पुढे करून दोन नाणी घ्यायची आणि मान डोलवायची.

मीही अनेक वर्षे या मालकाकडे असेच पाहिले. आज मला त्याच्याविषयी बोलायचे आहे.

लूकने सांगितलेला क्रम नीट पाहा. शोमरोनी जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत आणतो आणि तिथे त्याची देखभाल करतो. दुसऱ्या दिवशी तो दोन दिनार मालकाच्या हातावर ठेवतो, जास्त खर्च झाला तर परतताना देईन म्हणतो आणि आपल्या वाटेने जातो. एक दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी, हे द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांच्या दाखल्यावरून आपल्याला कळते. म्हणजे मालकाच्या पदरी पडले दोन दिवसांच्या मजुरीएवढे पैसे आणि एक अर्धमेला माणूस. शोमरोनी गेल्यावर पट्ट्या कोणी बदलल्या? रात्री तो कण्हला तेव्हा दिवा घेऊन कोण उठले? त्याला लघवीला कोणी नेले, अंथरूण कोणी धुतले? शुभवर्तमानात यातले काहीच नाही. शास्त्र्याचा प्रश्न 'माझा शेजारी कोण' हा होता आणि त्याचे उत्तर शोमरोन्यापाशी मिळाले, म्हणून गोष्ट तिथे थांबते. परंतु तो जखमी बरा झाला असेल तर उतारशाळेतल्या त्या पुढच्या रात्रींत बरा झाला असेल.

उद्या, 14 जुलैला, ख्रिस्तसभा संत कामिलुस दे लेलिस यांचा सण पाळते. तारुण्यात हा माणूस सैनिक होता आणि पक्का जुगारी होता. त्याच्या पायाला झालेली जखम जन्मभर बरी झाली नाही. त्या जखमेवर उपचार घ्यायला तो रोमच्या इस्पितळात गेला आणि तिथे पगारी सेवकांच्या हातून रुग्णांचे किती हाल होतात हे त्याने रुग्णाच्याच खाटेवरून पाहिले. पुढे त्याने स्वतःला रुग्णसेवेला वाहिले आणि सोबती जमवले. त्यांच्या संघाला 1586 मध्ये पोप महाशयांची मान्यता मिळाली आणि छातीवर लाल क्रूस लावून हे लोक इस्पितळांत व प्लेगच्या वस्त्यांत जाऊ लागले. 1614 साली 14 जुलैलाच संत कामिलुस देवाघरी गेले. आज ते रुग्णांचे आणि परिचारिकांचेही आश्रयदाते संत आहेत. पवित्र विश्वासशिक्षण विभागाने 2020 साली आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णांच्या सेवेविषयी जे पत्र लिहिले, त्याचे नाव 'सामारितानुस बोनुस', म्हणजे दयाळू शोमरोनी, आणि त्याच्याखाली तारीख घातली आहे 14 जुलै. आजचा दाखला आणि उद्याचा सण असे हातात हात घालून आले असताना मी दुसऱ्या विषयावर बोलणे बरे नव्हे.

आजार अनेक आहेत. मी बोलणार आहे तो कर्करोगाच्या रुग्णांविषयी आणि त्यांच्या उशाशी बसणाऱ्यांविषयी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2022 या एका वर्षात आपल्या देशात या आजाराचे 14 लाखांहून अधिक नवे रुग्ण निघाले. आकडा मोठा आहे म्हणून तो मनाला भिडत नाही. आपापल्या आळीतली घरे आठवून पाहा, तेवढे पुरेसे आहे.

आता मला एक कबुली द्यायची आहे. ही गोष्ट 2008 सालची. मी तेव्हा दुसऱ्या एका धर्मग्रामात सहाय्यक धर्मगुरू होतो, तिशी नुकतीच जवळ येत होती आणि सेमिनारीत घेतलेली तत्त्वज्ञानाची पदवी अजून डोक्यात ताजी होती. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी आजाऱ्यांना कम्युनियन घेऊन जात असे. त्या यादीत एक मावशी होत्या. त्यांना स्तनाचा कर्करोग होता. डॉक्टरकडे जायला उशीर झाला होता, गाठ फुटून तिची उघडी जखम झाली होती. घराच्या मागच्या खोलीत त्यांची खाट होती. खोलीत सतत उदबत्ती जळत असे आणि तरीही वास येत असे. शेजारणी पूर्वी रोज येत. त्या आठवड्याने येऊ लागल्या, मग ओटीवरूनच विचारपूस करून जाऊ लागल्या. घरातल्यांनी त्यांचे ताट-वाटी वेगळे केले होते. कर्करोग स्पर्शाने किंवा उष्ट्याने पसरत नाही हे त्या घरातल्या शिकलेल्या मुलालाही ठाऊक होते, पण भीती शिकलेली नसते.

आणि मी? मी उंबऱ्यात उभा राहून प्रार्थना म्हणत असे. कम्युनियन देण्यापुरता चार पावले आत जाई आणि लगेच मागे येई. एकदा मावशींनी विचारले, "फादर, लय दुखते. देव एवढे का देतो?" मी उंबऱ्यातूनच उत्तर दिले. ख्रिस्ताच्या दुःखसहनात आपले दुःख मिसळावे, क्रूस आनंदाने उचलावा, आपल्या वेदना पुर्गातरीतल्या आत्म्यांसाठी अर्पण कराव्यात. यातले एकही वाक्य शिकवणुकीच्या विरुद्ध नव्हते. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी 1984 साली मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर पूर्ण पत्र लिहिले, ते मी सेमिनारीत वाचले होते आणि त्यावर मला चांगले गुणही मिळाले होते.

त्या आळीत एक निवृत्त परिचारिका राहत होत्या. मुंबईच्या इस्पितळात तीस वर्षे त्यांनी नोकरी केली होती, बरीचशी रात्रपाळीत. सारी आळी त्यांना सिस्टर म्हणे. (मठातल्यांनाही आपण सिस्टर म्हणतो आणि वॉर्डातल्यांनाही. भाषेला कधी कधी आपल्यापेक्षा जास्त कळते.) त्या एका दुपारी बंगल्यावर आल्या, बसल्या नाहीत, उभ्यानेच म्हणाल्या, "फादर, तुम्ही त्या बाईला काय सांगितलेत?"

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितले. मावशींना इस्पितळातून मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या होत्या. चार-चार तासांनी घ्यायच्या होत्या. मावशी त्या उशीखाली ठेवत होत्या. फादरांनी वेदना अर्पण करायला सांगितल्या आहेत, गोळी घेतली तर अर्पण कसले, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय कालवरीवर येशूला गंधरस घातलेला द्राक्षारस दिला तेव्हा त्याने तरी कुठे घेतला? रात्रभर त्या दात आवळून पडून राहत. सिस्टर म्हणाल्या, "मी सांगून ती ऐकत नाही. ते वाक्य तुमचे आहे, तुम्हीच जाऊन मागे घ्या. आणि उंबऱ्यातून नको. खुर्ची मी आत ठेवली आहे."

बंधू-भगिनींनो, त्या दाखल्यात याजक जखमी माणसाला पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेला, असे प्रभू सांगतो. हा भाग मी त्याआधी अनेकदा वाचला होता. त्या दुपारी तो मला पहिल्यांदा समजला.

मी गेलो. खोलीत वास जवळजवळ नव्हता. सिस्टरांनी डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड जखमेवर वापरायला सुरुवात केली होती. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम रोज धुवायची, पूड टाकायची आणि पट्टी ओढून न काढता भिजवून सोडवायची. एवढ्यानेच चार-पाच दिवसांत खोली माणसांना बसण्याजोगी झाली होती. महागडे काहीही नव्हते. महिनोन्‌महिने ज्या वासाने एका बाईला जिवंतपणी एकटे पाडले होते तो काही गोळ्यांच्या पुडीने गेला, आणि मी मात्र देवाच्या इच्छेविषयी बोलत होतो.

मग मी खुर्चीवर बसून त्यांना सांगितले ते तुम्हालाही सांगतो, कारण हा गैरसमज आपल्या घरांत आजही आहे. वेदना कमी करणारे औषध घेणे हे पाप नाही, अश्रद्धा नाही आणि क्रूस टाकून पळणेही नाही. हा प्रश्न इटलीतल्या भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी खुद्द पोप पायस बारावे यांना विचारला होता. 24 फेब्रुवारी 1957 रोजी त्यांनी उत्तर दिले. दुसरा उपाय नसेल आणि रुग्णाला आपली धार्मिक व नैतिक कर्तव्ये पार पाडता आली असतील, तर गुंगी आणणारे वेदनाशामक देता येते, मग त्याने आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला तरीही. कारण हेतू मारण्याचा नसतो, वेदना शमवण्याचा असतो. पुढे कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही ही शिकवण आली आणि मरणोन्मुख रुग्णाची वेदनाशामक सेवा हे निःस्वार्थ प्रीतीचे एक खास रूप आहे असे तिथे मानले आहे. रुग्णाला मुद्दाम मारण्याला ख्रिस्तसभेचा कायम विरोध आहे. वेदना शमवण्याला तिचा आशीर्वाद आहे. या दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगायच्या असतात, आणि मी त्यातली दुसरी सांगायला विसरलो होतो.

येशूने तो गंधरसाचा द्राक्षारस नाकारला हे खरे. पण तो त्याने स्वतःसाठी नाकारला. दुसऱ्याच्या वेदना पाहून त्या तशाच राहू द्या असे तो कुठेही म्हणाला नाही. कुष्ठरोगी, आंधळे, तापाने फणफणलेली पेत्राची सासू, यांपैकी एकालाही त्याने सहन कर म्हणून परत पाठवले नाही.

मावशींनी गोळी घेतली. दोन दिवसांनी मी गेलो तेव्हा त्या झोपल्या होत्या. कितीतरी आठवड्यांनी सलग चार तास झोप झाली, असे सुनेने सांगितले. त्यानंतरच्या आठवड्यात त्या रोझरी म्हणू लागल्या. आधी पाच मरिया नमस्कारही पुरे होत नव्हते, कळ आली की शब्द तुटत असत. मॉर्फिनमुळे प्रार्थना सुटेल अशी त्यांना भीती होती. प्रार्थना परत आली ती मॉर्फिनमुळेच.

तत्त्वज्ञानाचा थोडा उपयोग झाला तो नंतर, तोही सिस्टरांमुळे. गाब्रिएल मार्सेल नावाचे फ्रेंच कॅथलिक तत्त्वचिंतक 'समस्या' आणि 'गूढ' यांत फरक करतात. समस्या माझ्यासमोर असते, मी बाहेर उभा राहून ती सोडवतो. गूढात मी स्वतः गुंतलेला असतो, त्याच्याबाहेर मला उभे राहता येत नाही. परीक्षेत मी या फरकावर तीन पाने लिहिली होती. उंबरा म्हणजे समस्येची जागा आणि आतली खुर्ची म्हणजे गूढाची जागा, हे मात्र कुठल्याही प्राध्यापकाने सांगितले नव्हते.

या खुर्चीचा इतिहास मोठा आहे आणि तो बहुतेक बायकांनी लिहिला आहे. रोज हॉथॉर्न ही प्रसिद्ध अमेरिकन कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न यांची मुलगी. ती प्रौढपणी कॅथलिक झाली. त्या काळी अमेरिकेतही लोक कर्करोगाला संसर्गजन्य समजत. पैसा असेल त्याला डॉक्टर मिळे, गरिबाला बरा होणार नाही असे ठरले की कोणी दारात उभे करत नसे. या बाईंनी न्यूयॉर्कच्या कर्करोग इस्पितळात रुग्णसेवा शिकून घेतली आणि 1896 मध्ये गरिबांच्या वस्तीत छोटेसे घर घेऊन असे रुग्ण स्वतःच्या खोलीत आणून ठेवायला सुरुवात केली. 1900 मध्ये त्या डॉमिनिकन धर्मभगिनी झाल्या आणि त्यांचा संघ स्थापन झाला. रुग्णाकडून किंवा त्याच्या घरच्यांकडून एक पैसाही घ्यायचा नाही हा नियम त्यांनी घालून दिला आणि तो संघ आजही तो पाळतो. 2024 साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना 'वंदनीय' घोषित केले.

दुसरी बाई लंडनची, सिसिली साँडर्स. त्या आधी परिचारिका होत्या, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटले, मग रुग्णालयातील समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर पुन्हा शिकून डॉक्टर झाल्या. त्या कॅथलिक नव्हत्या, पण 1958 पासून त्या काम करू लागल्या ते आयरिश धर्मभगिनींच्या सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये. वेदना उफाळून येण्याची वाट न पाहता घड्याळ लावून औषध द्यायचे, म्हणजे रुग्णाला ते मागावे लागत नाही, ही पद्धत त्यांनी तिथे काटेकोरपणे बसवली. 1967 मध्ये त्यांनी सेंट क्रिस्तोफर हॉस्पिस उघडले. वेदना फक्त शरीराची नसते, मनाची, घरच्या परिस्थितीची आणि आत्म्याचीही असते, आणि या चारही एकत्र दुखतात, हे त्यांनी वैद्यकशास्त्राला शिकवले. गेथशेमानेत प्रभूने शिष्यांकडे जागे राहण्यापलीकडे काही मागितले नव्हते, त्या विनंतीवर त्यांनी आपले काम उभे केले.

आपल्याकडे, वांद्र्याला माउंट मेरीच्या परिसरात, 1986 साली शांती आवेदना सदन सुरू झाले. कर्करोगतज्ज्ञ डॉ. एल. जे. डिसोझा यांनी ते उभे केले आणि धर्मभगिनी तिथे सेवा करतात. भारतातले हे पहिले हॉस्पिस. पुढे गोवा आणि दिल्लीतही त्याच्या शाखा झाल्या. ज्यांच्यावरचे उपचार संपले आहेत अशा रुग्णांना तिथे कोणत्याही धर्मभेदाशिवाय विनामूल्य ठेवून घेतात. सप्टेंबरात आपण बांद्र्याच्या जत्रेला हमखास जातो. मेणबत्ती लावून उतरताना त्या सदनाकडे आपल्यापैकी किती जणांची पावले वळतात?

परंतु बहुतेक रुग्ण हॉस्पिसमध्ये नसतात. ते घरीच असतात, तुमच्या-माझ्या आळीत, मागच्या खोलीत. आणि त्यांच्या उशाशी शिकलेली परिचारिका नसते, तर बायको असते, मुलगी असते आणि बहुतेक वेळा सून असते. आजच्या पहिल्या वाचनात मोशे लोकांना सांगतो की देवाची आज्ञा आकाशात नाही, समुद्रापलीकडे नाही, ती अगदी जवळ आहे, तुझ्या तोंडात आणि हृदयात. किती जवळ, ते सिस्टरांनी मला दाखवले. मावशींना केमोथेरपीनंतर तोंड आले होते, तेव्हाची आठवण सुनेने सांगितली होती. पाणीसुद्धा झोंबत होते. अशा वेळी कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या करायच्या, मऊ ब्रश वापरायचा, तिखट आणि गरम बंद करायचे. शेवटच्या दिवसांत, गिळता येईनासे झाले तेव्हा, सिस्टर स्वच्छ कापसाचा बोळा पाण्यात बुडवून त्यांचे ओठ आणि जीभ ओली करीत. घरच्यांना वाटे, पोटात काही गेले पाहिजे, चमच्याने पेज तरी घालू या. सिस्टर त्यांना थांबवत. शरीर निरोप घेत असते तेव्हा त्याला अन्न नको असते, जबरदस्तीने घातलेला घास श्वासनलिकेत जातो. पण कोरडे तोंड मात्र शेवटपर्यंत त्रास देते.

ते पाहताना मला कालवरी आठवली. योहान सांगतो की प्रभूला तहान लागली तेव्हा आंबेत भिजवलेला स्पंज एजोबाच्या काडीवर बसवून कोणीतरी त्याच्या तोंडाशी धरला आणि तो त्याने घेतला. आधीचा गंधरसाचा पेला त्याने नाकारला होता, हे आपण सगळे सांगतो. हा ओला स्पंज त्याने घेतला, हे सांगत नाही. मरणाऱ्याचे ओठ ओले करणाऱ्या त्या माणसाचे नाव शुभवर्तमानात नाही. उतारशाळेच्या मालकाचेही नाही.

दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला व टाचांना जखमा होतात. दोन तासांनी म्हणजे रात्री दहा, बारा, दोन, चार. मॉर्फिन सुरू असेल तर पोट साफ होण्याचे औषध बरोबरच द्यावे लागते, ते विसरले की रुग्णाला दुसरीच यातना सुरू होते. किरणोपचार झालेली त्वचा घासायची नाही. केमोथेरपीच्या काळात ताप 100.4 फॅरनहाइटपर्यंत चढला तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठायचे, कारण त्या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. हे सारे एका बाईने लक्षात ठेवायचे, आणि शिवाय डबे करायचे, मुलांचा अभ्यास घ्यायचा, भेटायला येणाऱ्यांना चहा द्यायचा. भेटायला येणाऱ्यांविषयी थोडे कडक बोलतो, रागावू नका. आपण सफरचंदे घेऊन जातो, दहा मिनिटे बसतो, दुसऱ्या कोणाला असाच आजार होता आणि तो कसा गेला ते सांगतो आणि निघतो. आज रात्री दोन वाजता कूस मी बदलतो, तू झोप, असे त्या सुनेला कोणी म्हणत नाही. पुरुष तर नाहीच नाही. शोमरोनी पुरुष होता, उतारशाळेचा मालकही पुरुष होता, एवढेच सांगतो.

आणि शोमरोन्याने आणखी एक शहाणपण दाखवले. त्याने सगळे एकट्याने केले नाही. स्वतःचे काम होते, त्याला जायचे होते, म्हणून त्याने सेवा दुसऱ्याच्या हाती सोपवली, खर्च दिला आणि परत येईन असे सांगितले. जी सून म्हणते, फादर, मला आता सहन होत नाही, मला तिचा राग येतो आणि मग स्वतःचाच राग येतो, तिला पाप लागलेले नाही. तिला झोप लागलेली नाही. कन्फेशनमध्ये मी तिला प्रायश्चित्त काय देऊ? तिच्या दिराला बोलावून घ्यावेसे वाटते.

एका गोष्टीचे मला धर्मगुरू म्हणून वाईट वाटते. रुग्णाला घाबरवायला नको म्हणून आपण त्याला आजाराचे नाव सांगत नाही, आणि त्याच कारणाने धर्मगुरूलाही बोलावत नाही. फादर दारात दिसले की आपले संपले असे त्याला वाटेल, अशी भीती. मग बोलावणे येते ते शुद्ध हरपल्यावर. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 सालीच स्पष्ट केले की तैलाभ्यंग हा केवळ शेवटच्या घटकेचा संस्कार नव्हे, आजारपणामुळे किंवा वृद्धत्वामुळे जिवाला धोका सुरू होतो तेव्हाच त्याची योग्य वेळ झालेली असते. 1972 मध्ये पोप पॉल सहावे यांनी त्याचा नवा विधी दिला. त्याला आता पन्नास वर्षे उलटून गेली, तरी आपण अजून आजोबांच्या काळातले भय जपतो. मोठ्या शस्त्रक्रियेआधी बोलवा. केमोथेरपी सुरू होण्याआधी बोलवा. आजार पुन्हा बळावला तर हा संस्कार पुन्हा घेता येतो. रुग्ण बोलू शकतो, पापनिवेदन करू शकतो, घरच्यांची क्षमा मागू शकतो आणि त्यांना क्षमा करू शकतो, अशा वेळी बोलवा. आणि त्याला काय झाले आहे ते तो विचारील तेव्हा खोटे सांगू नका. सिस्टर म्हणत, रुग्णाला बहुधा आधीच ठाऊक असते. तो दिवसा घरच्यांना विचारत नाही, कारण त्यांना रडवायचे नसते. तो रात्री दोन वाजता परिचारिकेला विचारतो. त्या काय उत्तर देत, असे मी विचारले होते. त्या म्हणाल्या, "आधी मी पंखा बारीक करते आणि बसते. उभ्याने विचारलेले तो सांगत नाही."

मावशी नोव्हेंबरात, आत्म्यांच्या महिन्यात गेल्या. सून आणि सिस्टर दोघी जवळ होत्या. मी दहा मिनिटे उशिरा पोहोचलो. खोलीत उदबत्ती नव्हती. खिडकी उघडी होती. सिस्टरांनी मला खुर्ची दिली आणि त्या स्वतः त्यांचे केस विंचरत राहिल्या.

आपल्या धर्मग्रामातही परिचारिका आहेत, काही नोकरीत, काही निवृत्त, काही परदेशात राबून परतलेल्या. आज दुसऱ्या मिस्सेनंतर त्यांच्यापैकी काही जणी सभागृहात थांबणार आहेत. अंथरुणावरच्या रुग्णाची कूस कशी बदलायची, तोंड कसे साफ करायचे, जखम कशी धुवायची, हे त्या प्रत्यक्ष करून दाखवतील. ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी यावेच, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांनीही यावे. पुरुषांनी बाहेर वडाखाली उभे न राहता आत यावे. संत कामिलुस यांच्या सणाची उद्या सकाळची मिस्सा रुग्ण आणि त्यांची सेवा करणारे यांच्यासाठी अर्पण होईल.

प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात दोन रकाने आहेत. पहिल्यात 'आमच्या घरी रुग्ण आहे' असे लिहायचे; आजाराचे नाव लिहायची गरज नाही. दुसरा रकाना आहे 'मी आठवड्यातली एक रात्र देऊ शकतो'. दुसऱ्या रकान्यात पहिले नाव मी लिहिले आहे, मंगळवार. पट्टी मला अजून नीट बांधता येत नाही, ती परिचारिकाच बांधतील; कूस बदलायला मात्र मी शिकलो आहे. बुधवारपासून पुढच्या ओळी रिकाम्या आहेत, पेन दोरीने बांधून ठेवले आहे.